दर दहा मिनिटांची सुई

प्रमोदिनी : वय सांगा ना काकू. नाव लिहिलं, नीलेश गणोजी मोहिते. गाव तिरला. वय?

सुमंगला : थांब गं जरा, सांगते. भवानीबाईचं लग्न झालं, माझ्या नणंदेचं, त्या सालचा हा. मांडव उतरला अन् तिसऱ्या दिवशी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. सत्त्याहत्तर साल. आणीबाणी उठली ते.

प्रमोदिनी : आता दोन हजार. म्हणजे तेवीस. फवारणी किती वाजता केली?

यशवंतराव : सात ते साडेनऊ. साफ लिहा सिस्टर, फवारणी करताना. प्याला नाही. मी त्याचा सख्खा काका, यशवंतराव मोहिते. तिरल्यात सायकलचं दुकान आहे आपलं, कुणालाही विचारा. मी सोयाबीनच्या बांधावरच उभा होतो. पोलिसांचं लफडं नको मागे.

प्रमोदिनी : तेच लिहिलंय काका. पंप गळका होता का? सगळी पाठ भिजलेली होती त्याची.

यशवंतराव : पंप ठीक आहे. वायसर थोडा... म्हणजे वारा उलटा होता, सिस्टर. वाऱ्याला काय करणार?

सुमंगला : पीथमपूरला कारखान्यात असतो हा. आज सुट्टी होती. मी म्हटलं झोप रे, आठवडाभर दुसरी पाळी केलीस. पण भाऊजी म्हणाले, आभाळ येतंय, उरकून घेऊ.

यशवंतराव : आता ते कशाला सुमंगला?

सुमंगला : मी कुठं काय म्हटलं, भाऊजी.

प्रमोदिनी : काकू, ती बादली इकडे धरा. अजून एकदा साबण लावायचा. केसांत राहिलंय, कानामागे राहिलंय.

सुमंगला : तू धुणार? अगं, तरणा पोर आहे तो, तू बाईमाणूस.

प्रमोदिनी : आया आज आली नाही. आणि हे फवारणीचं औषध कातडीतून आत जातं, ते बाई-पुरुष बघत नाही. तुम्ही पाणी घाला. हळू. डोळ्यांत नको.

यशवंतराव : सिरियलमध्ये तर कधी पाहिलं नाही बुवा नर्स न्हाऊ घालताना.

प्रमोदिनी : सिरियलमध्ये कुणाला घाणच लागत नाही काका. झालं. आता दोघं नीट ऐका, मी परत परत सांगायला थांबणार नाही. डॉक्टरसाहेब बघून गेलेत आणि आत सिझेरियनला उभे राहिलेत. तिथून त्यांना हलता येणार नाही. त्यांनी लिहून दिलंय : दर दहा मिनिटांनी सुईच्या औषधाच्या पाच काचेच्या नळ्या. काकांनी खालच्या दुकानातून आणली ती ही पेटी तुमच्याजवळ ठेवा. पन्नास आहेत.

सुमंगला : माझ्याजवळ कशाला? तूच ठेव.

प्रमोदिनी : इथली तशी रीत आहे. मागं एकानं बोभाटा केला, नर्सा औषधं चोरून विकतात म्हणून. तेव्हापासून पेशंटचं औषध पेशंटच्या माणसाच्या हातात. मी येईन, पाच म्हणेन, तुम्ही पाच मोजून द्यायच्या.

सुमंगला : बरं.

प्रमोदिनी : आणि हे लक्षात ठेवा. ह्या सुईनं त्याचं तोंड कोरडं पडेल. चेहरा लाल होईल. बडबडेल, हवेत हात मारेल, तुम्हाला ओळखणार नाही कदाचित. त्याला भिऊ नका. औषध लागू पडतंय असं समजा. पण तोंडाला लाळ सुटली, छाती घुरघुरायला लागली, डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली, तर मला ओरडून हाक मारा. खरी भीती ती.

सुमंगला : लाळ. घुरघुर. मोहरी.

प्रमोदिनी : शाब्बास. पाच द्या.

सुमंगला : पोरी, तू मराठी कुठली गं?

प्रमोदिनी : देवासची. धाकट्या पातीच्या संस्थानातली. प्रमोदिनी माझं नाव. हात घट्ट धरा त्याचा, काकू. तिकडे बघा हवं तर.

(पन्नास मिनिटांनंतर. तीच खाट, खिडकीजवळची.)

सुमंगला : भाऊजी, तो कुणाशी बोलतोय?

यशवंतराव : मला फोरमन म्हणाला आत्ता. म्हणे, साहेब, गिअरमध्ये हात अडकला. आलो तेव्हा काका म्हणत होता. काका, डोळ्यांसमोर धुकं आलं, म्हणाला मला. साफ बोलत होता.

सुमंगला : हवेतून काय वेचतोय? बघा, बघा, असं चिमटीत धरतोय.

यशवंतराव : तोंड बघ कसं झालंय. तांब्यासारखं.

सुमंगला : ती म्हणाली होती, लाल होईल.

यशवंतराव : म्हणाली होती. कोण म्हणाली होती? नर्स म्हणाली होती. डॉक्टरनं काही सांगितलं तुला?

सुमंगला : ते आत आहेत ना.

यशवंतराव : हां. तो आत. इथं ही. सुमंगला, मंगळवारची सिरियल बघतेस ना तू, आपल्याकडे बसून?

सुमंगला : दवाखान्याची? बघते की.

यशवंतराव : त्या शेटजीचं काय झालं?

सुमंगला : नका हो काढू ते आत्ता.

यशवंतराव : ती नर्स काय करायची? एकदम दिलं का तिनं? नाही. दर खेपेला थोडं. येते, गोड बोलते, थोडं देते, जाते. थोड्या वेळानं परत येते. शेटजी आधी लाल झाला, मग बरळायला लागला, मग बायकोलाच म्हणाला तू कोण. आणि सगळे म्हणतात शेटजी पागल झाला. डॉक्टरला शेवटपर्यंत पत्ता नाही.

सुमंगला : तिला त्याच्या भावानं फितवलं होतं. आपल्या पोरावर कोण असा डाव धरील? गरिबाचं पोर ते.

यशवंतराव : डाव मी म्हणत नाही. चुकीचं औषध देत असेल. नवी असेल, शिकत असेल आपल्या पोरावर. मी एवढंच बघितलं की सुई गेली की पोरगं बिघडतं. हो की नाही?

सुमंगला : हो... म्हणजे, होतंय तसं.

यशवंतराव : ही बघ, आलीच.

प्रमोदिनी : पाच द्या काकू.

यशवंतराव : सिस्टर, एक विचारू? किती देणार अजून?

प्रमोदिनी : छाती पूर्ण कोरडी होईपर्यंत.

यशवंतराव : अहो, पण पोरगं पागल व्हायला लागलंय.

प्रमोदिनी : उतरेल ते. दोन दिवसांत उतरेल. मी सांगितलं होतं ना सुरुवातीला? नाडी चांगली आहे. बघा, बाहुली मोठी झाली.

यशवंतराव : डॉक्टरनं स्वतः सुई द्यायला पाहिजे असं नाही वाटत तुम्हाला? टीव्हीत तर डॉक्टरच देतो.

प्रमोदिनी : टीव्हीत डॉक्टर पाणीसुद्धा स्वतःच पाजतो, काका. मग नर्स कशाला ठेवलीये, ते मलाही कळलं नाही अजून. एक तर ट्रे धरून उभी असते, नाही तर डॉक्टरकडे बघून लाजते. आणि तिला काही काम द्यायचंच झालं तर कुणाला तरी विष घालते.

सुमंगला : तू पण बघतेस?

प्रमोदिनी : मी नाही, माझी आई बघते देवासला. दर मंगळवारी. आणि बुधवारी शेजारच्या दुकानात फोन करून मला विचारते, तुझा डॉक्टर कसा आहे गं स्वभावानं? दोन वर्षांपूर्वी माझं जमलेलं मोडलं. मुलाची आई म्हणाली, नर्सा कशा असतात ते आम्ही बघतो रोज. मी म्हटलं, कुठे बघता? तर म्हणाली, टीव्हीवर.

यशवंतराव : आग असल्याशिवाय धूर निघत नाही, सिस्टर.

प्रमोदिनी : झाली. दहा मिनिटांनी येते. चार नंबरची सलाईन संपत आलीये. काकू, हात बांधून ठेवू का त्याचे? स्वतःला ओरबाडतोय.

सुमंगला : नको! बांधू नको. मी धरते.

प्रमोदिनी : बरं, धरा.

यशवंतराव : बांधायला निघाली. बघितलंस? शेटजीला पण बांधलं होतं.

सुमंगला : भाऊजी, तुम्ही नका बोलू तसं. माझं काळीज हललंय.

यशवंतराव : मी एसटीडीवरून तिरल्याला फोन लावून येतो. चार माणसं असलेली बरी इथं. आणि तू डोळे उघडे ठेव. बस एवढंच. आई आहेस तू.

सुमंगला : लवकर या. अहो, मला एकटीला...

सुमंगला : नीलू. ए नीलू. मी आहे, बाळा. आई. काय म्हणतोस? मशीन नाही रे हे, खाट आहे. कुणीही हाजरी घेत नाही इथं. माझ्याकडे बघ. नाही, फोरमन नाही मी... अरे देवा. माझ्या तोंडाकडे बघतोय अन् मला बघतच नाही. काय देतेय ही बया तुला? बघू. नळीवर आपल्या अक्षरात काहीच नाही. सगळं इंग्रजी. विष असं लिहिलं असलं तरी मला कसं कळणार? तुझ्या बापाच्या मागं तुला वाढवला मी, लोकांचे गव्हले करून, शेवया करून. आणि आता माझ्याच हातानं मोजून मोजून देतेय, पाच घे, पाच घे. नाही. आता नाही देणार. एकदा चुकवून बघते. चुकवलं अन् तू शुद्धीवर आलास तर मग कळेलच. हो ना? ओटीत ठेवते. इथं कोण बघतंय.

प्रमोदिनी : पाच द्या काकू.

सुमंगला : संपल्या.

प्रमोदिनी : संपल्या कशा? पन्नास होत्या. सहा वेळा दिल्या, तीस. वीस हव्यात.

सुमंगला : पडल्या. हातातून पडल्या अन् फुटल्या.

प्रमोदिनी : वीसच्या वीस? काच कुठे आहे?

सुमंगला : झाडून टाकली.

प्रमोदिनी : कशानं झाडली? काकू, माझ्याकडे बघा. पेटी कुठे आहे?

सुमंगला : सांगितलं ना संपल्या म्हणून. मी काय खोटं बोलते?

प्रमोदिनी : काका कुठे गेले?

सुमंगला : फोनला.

प्रमोदिनी : देवा. औषधांचं कपाट बंद आहे आणि किल्ली साहेबांच्या खिशात, आत. थांबा, मी खालच्या दुकानातून आणते. हलू नका इथून. लाळ सुटली तर चार नंबरच्या माणसाला हाक मारा, तो मला खिडकीतून आवाज देईल.

सुमंगला : जा. जा तू.

सुमंगला : गेली. बघ, गेली ती. आता शांत पड. कोणी टोचणार नाही तुला. किती धडधडतंय रे तुझं. कमी होईल, हां. मी वारा घालते. असा. असा. हात खाली आला. हो, ठेव खाली. वेचू नको काही. बडबड थांबली. अगंबाई, थांबली की खरंच! तोंडावरची लाली पण उतरली. नीलू? बघ, मी म्हणत नव्हते? झोप. झोप आता माझ्या राजा. भाऊजी येऊ देत, सांगते त्यांना.

प्रमोदिनी : नाहीत काकू. खालच्या दुकानात एकही नाही. सकाळी काकांनी नेली ती शेवटची पेटी. दुकानदारानं पोरगा पाठवलाय बसस्टँडवरच्या दुकानात, पण त्याला अर्धा तास तरी लागेल. हा... हा कधीपासून असा पडलाय?

सुमंगला : शांत झालाय बघ. सुई दिली नाही तर शांत झाला.

प्रमोदिनी : बडबड कधी थांबली?

सुमंगला : तू गेल्यावर थोड्या वेळानं. हळू बोल, झोपलाय.

प्रमोदिनी : झोपला नाहीये तो. नीलेश! नीलेश! काकू, तुमचा पदर ओला कशानं झाला?

सुमंगला : तोंड पुसलं त्याचं.

प्रमोदिनी : कशाला पुसलं?

सुमंगला : थोडं पाणी आलं तोंडाला. झोपेत येतं की माणसाला.

प्रमोदिनी : किती वेळा पुसलं?

सुमंगला : दोनदा... चारदा. पदर भिजला म्हणून मग टॉवेल घेतला.

प्रमोदिनी : हा डोळा बघा. मी पापणी उचलते, तुम्ही बघा. मघाशी केवढी होती बाहुली? आणि आता?

सुमंगला : मोहरी.

प्रमोदिनी : कान लावा इथे. छातीला लावा.

सुमंगला : हुक्का ओढल्यासारखं होतंय आत.

प्रमोदिनी : पाण्यानं भरतोय तो आतून, काकू. जमिनीवर असून बुडतोय. पेटी कुठे आहे?

सुमंगला : तू खरं सांगतेस?

प्रमोदिनी : माझ्या आईची शपथ घेऊ? पाया पडू तुमच्या? कुठे आहे पेटी?

सुमंगला : ही. ही घे. ओटीत होती. लवकर घे गं. लवकर.

प्रमोदिनी : फुटल्या आहेत. रक्त कुणाचं हे?

सुमंगला : माझं. त्याला कुशीवर वळवताना खाटेच्या कडेला कंबर लागली. ते राहू दे. किती आहेत? किती राहिल्या?

प्रमोदिनी : आठ. आठ धड आहेत. सगळ्या देते. त्याची मान त्या बाजूला करा. अशी. हे खाली बघा, हे पायानं दाबायचं मशीन. मी नळी घशात घालते, तुम्ही दाबत राहा. थांबायचं नाही. पाणी त्या बाटलीत येईल, तिकडे बघू नका. दाबा.

सुमंगला : दाबते. दाबते मी. हे बघ, दाबतेय. नीलू, दाबतेय मी.

प्रमोदिनी : जोरात. पाय बदला हवं तर.

सुमंगला : लागली का सुई? काही म्हणतोय का तो? परत म्हणू दे मला फोरमन. काहीही म्हणू दे.

प्रमोदिनी : दाबा काकू.

यशवंतराव : अरे! काय चाललंय हे? तोंडात काय घातलंय त्याच्या?

प्रमोदिनी : काका, ऑपरेशनच्या खोलीचं दार ठोका. आत सांगा, मोहिते, छाती भरली. साहेबांना म्हणावं किल्ली फेका आणि स्वतः या.

यशवंतराव : मी जाऊन येईपर्यंत तू काय केलंस याला? चांगला बोलत होता!

प्रमोदिनी : दार ठोका आधी! मागाहून मला मारा!

यशवंतराव : सुमंगला, काय केलं हिनं?

सुमंगला : जा हो भाऊजी! पाया पडते, जा!

प्रमोदिनी : काकू, थांबू नका. ओठ निळे पडताहेत. दाबा, दाबा.

(संध्याकाळी. ड्रेसिंगची लहान खोली. दार लोटलेलं.)

सुमंगला : इथं बसलीस होय.

प्रमोदिनी : या दाराला आतून कडी नाही, काकू. तुम्ही इथे येऊ नका. कुणी पाहिलं तर म्हणतील, हिनं आईला आत ओढलं.

सुमंगला : तुला सगळीकडे शोधलं मी.

प्रमोदिनी : बाहेर किती जण आलेत?

सुमंगला : ट्रॅक्टरभर. तिरल्याची सगळी आळी आलीये. भाऊजी सांगताहेत त्यांना.

प्रमोदिनी : काय सांगताहेत?

सुमंगला : डॉक्टर कुठं आहे?

प्रमोदिनी : परत आत. त्या बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. ती पण जाईल नाही तर. काय सांगताहेत ते?

सुमंगला : सिरियलमधलंच. थोडं थोडं देत होती म्हणे.

प्रमोदिनी : मागं मनावर गावाकडे एका नर्सला केस धरून रस्त्यावर आणलं होतं. तिची चूक नव्हती. माझ्याच बॅचची होती. अजून ड्यूटीवर जात नाही ती. दारात कुणी जोरात बोललं तरी पलंगाखाली जाते.

सुमंगला : प्रमोदिनी, एक विचारते. मघा तू मला सगळं सांगितलं होतंस. लाल होईल, बडबडेल, ओळखणार नाही. मी सगळं ऐकलं होतं. विसरले नव्हते मी.

प्रमोदिनी : मग का हो, काकू?

सुमंगला : पण ते तू सांगितलं होतंस. डॉक्टरानं एवढंच येऊन म्हटलं असतं तर मी डोळे मिटून पाच-पाच देत बसले असते संध्याकाळपर्यंत.

प्रमोदिनी : साहेब आत होते, काकू.

सुमंगला : तू सांगितलंस का कुणाला? माझ्या ओटीत होत्या म्हणून?

प्रमोदिनी : साहेबांना म्हटलं, चाळीस मिनिटं औषध चुकलं. का चुकलं ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं असेल, दुकानात मिळालं नाही.

सुमंगला : का नाही सांगितलंस?

प्रमोदिनी : तुम्ही त्याचं तोंड हातात धरून बसला होता. तेव्हा कसं सांगू? आणि आता सांगून काय उपयोग? तुम्ही म्हणाल नाही, मी म्हणेन हो. एका बाजूला आई, एका बाजूला नर्स. तुम्हीच सांगा, तिरल्याचा ट्रॅक्टर कुणाचं ऐकेल?

सुमंगला : अजून एक विचारते. खरं सांग. वेळेवर दिल्या असत्या तर वाचला असता?

प्रमोदिनी : ते मला नाही सांगता येणार.

सुमंगला : मी तुला सांगायला लावतेय.

प्रमोदिनी : वाचतात, काकू. सगळे नाही. फवारणीचं खूप औषध गेलं होतं त्याच्या अंगात, पाठ भिजली होती. पण वाचतात.

सुमंगला : असं.

प्रमोदिनी : मी बोलायला नको होतं.

सुमंगला : नाही. बरं केलंस. आता मागं सरक. त्या कपाटामागं उभी राहा. पाय वाजतायत त्यांचे.

यशवंतराव : इथं आहे का ती? सुमंगला, तू इथं काय करतेस? बाजूला हो.

सुमंगला : नाही होणार, भाऊजी.

यशवंतराव : अगं, लोक थांबले आहेत बाहेर. काचा फोडायला निघाले होते, मीच म्हटलं आधी तिला बाहेर आणू, चार लोकांसमोर विचारू. बाजूला हो.

सुमंगला : तिला काय विचारायचंय? मला विचारा.

यशवंतराव : तुला काय विचारू? तुला शुद्ध आहे का?

सुमंगला : डोक्यावरून पदर न घेता बोलतेय तुमच्याशी. लग्न होऊन आल्यापासून कधी बोलले नाही. पदर भिजलाय, म्हणून नाही घेतला. भाऊजी, तुम्ही फोनला गेलात, तेव्हा मी वीस नळ्या ओटीत लपवल्या. ती मागायला आली, मी म्हटलं संपल्या. ती दुकानात धावली. मी इथं पोराची लाळ पुसत बसले अन् म्हणत होते, बघा, सुई नाही तर कसा शांत झाला.

यशवंतराव : हळू बोल.

सुमंगला : का?

यशवंतराव : हळू बोल म्हणतो! काय बोलतेस ते कळतंय का तुला? पोर गेलं म्हणून भ्रम झालाय. हे बघ. तू काही बोललीच नाहीस, मी काही ऐकलं नाही. ती नर्स आहे. तिचं काय, आज इथं, उद्या दुसऱ्या गावी. तुला आम्हा सगळ्यांत राहायचंय.

सुमंगला : राहीन की. नाही राहू दिलंत तर तेही बघू.

यशवंतराव : लोक तुझ्या तोंडात शेण घालतील. आईनं मारला म्हणतील.

सुमंगला : म्हणू देत.

यशवंतराव : आणि माझं काय? मला विचारतील, तुम्ही काय करत होता?

सुमंगला : तुमच्या पंपाचं मी काही बोलणार नाही. तुम्ही मंगळवारची आठवण करून दिलीत, तेही बोलणार नाही. त्या सिरियलला मी पण बसत होते, तुम्ही काही बळजबरीनं नव्हतं बसवलं. हात माझा होता. मी माझं तेवढं बोलणार.

यशवंतराव : सुमंगला, माझं ऐक. मी मोठा आहे. पाया पडू का तुझ्या?

सुमंगला : नका. पाप लागेल मला. ओटीत काच रुतलीय, ती काढायची आहे अजून, पण ते नंतर. तुम्ही पुढं व्हा, मी तुमच्या मागून येते. प्रमोदिनी, तू इथंच थांब. मी हाक मारीन तेव्हा ये. नाही मारली तर येऊच नको.

प्रमोदिनी : काकू, नका जाऊ. ते तुम्हाला...

सुमंगला : आता मला काय करतील गं?

यशवंतराव : काय सांगणार आहेस त्यांना? मला तेवढं सांग आधी.

सुमंगला : जे झालं ते. ती देत होती अन् मी देऊ दिलं नाही. नीलेश मोहिते, माझा मुलगा, आज शुक्रवारी, अठरा ऑगस्टला, चार वाजायला दहा मिनिटं असताना गेला.